दोन्ही अर्थांनी वकील

आमच्याकडे एक काळी लोखंडी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने अण्णांचं नाव, खाली हुद्दा आणि त्याखाली गाव. गाव दोन-तीनदा खरवडून पुन्हा रंगवलेलं. तिरप्या उजेडात बघितलं तर 'परभणी'च्या पोटात 'चाळीसगाव' दिसतं आणि त्याच्याही मागे 'कणकवली'ची वेलांटी. अण्णा सरकारी खात्यात ऑडिटर होते. दर तीन वर्षांनी, कधी त्याच्याही आधी, बदली. 'ऑर्डर आली' एवढंच ते दारात चपला काढता काढता म्हणायचे, आणि आई काही न बोलता माळ्यावरची पोती काढायला लागायची.

परभणीची ऑर्डर आली तेव्हा मी चौथीत होते. मुलीची शाळा सारखी मोडायला नको म्हणून मला वाईला आजीकडे ठेवलं. धाकटा भाऊ तीन वर्षांचा, त्याला बरोबर नेलं. तेव्हा सगळ्याच घरांत असं होत होतं, आणि आजीकडे माझं काही वाईट चाललं नव्हतं. पण पुढची साठ वर्षं कुठल्याही मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना मी आधी त्याच्या मुलांचं काय झालं ते शोधते, ही खोड मला तिथेच लागली.

काही वर्षांपूर्वी लेकीकडे बोस्टनला गेले होते. ती आणि जावई सकाळी ऑफिसला गेले की दिवस खायला उठायचा. एकदा तिने रेड लाइनच्या गाडीत कसं बसायचं ते दाखवलं, आणि मी एकटीच क्विन्सीला जाऊन आले. स्टेशनसमोर ग्रॅनाइटचं चर्च आहे. त्याच्या तळघरात अमेरिकेचे दोन अध्यक्ष, बाप आणि लेक, आपापल्या बायकांशेजारी निजलेत. दुसरा अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि सहावा जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. बापाचं नाव ऐकून होते. लेकाचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून परतल्यावर त्याचं वाचायला घेतलं. आणि अडकले ती एका ट्रंकेपाशी.

ऑक्टोबर १७९४. जॉन क्विन्सी २७ वर्षांचा. अध्यक्ष वॉशिंग्टनने त्याला हॉलंडमध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून नेमलंय आणि वाटेत लंडनला एक काम सोपवलंय. तिथे अमेरिकेचा दूत जॉन जे हा ब्रिटिशांशी तहाची बोलणी करतोय, त्याला सरकारी कागदपत्रं नेऊन द्यायची. बरोबर धाकटा भाऊ टॉमस. संध्याकाळी घोडागाडी लंडन ब्रिजपाशी येते आणि पुढच्या बाजूला खडखडाट होतो, पाठोपाठ ट्रंक आदळल्यासारखा आवाज. बघतात तर ट्रंका जागेवर नाहीत. टॉमस उडी मारून उतरतो. ट्रंका सापडतात. कागद सुखरूप असतात आणि त्याच रात्री ते जेच्या हातात पडतात. झालं काहीच नाही. पण जॉन क्विन्सी डायरीत पानभर लिहून काढतो: हे कागद गेले असते तर लोक काय म्हणाले असते, किती अफवा उठल्या असत्या, आपल्या निष्काळजीपणाचा डाग कसा कायम राहिला असता.

हे वाचलं आणि मला अण्णा दिसले. एस.टी. स्टँडवर हमालाने ट्रंक टपावर चढवली की ती दोरीने बांधून होईपर्यंत ते खाली मान वर करून उभे असायचे. आत असायचं काय, तर खात्याच्या फायली आणि आईची दोन पातळं.

पेशवाईत परक्या दरबारी आपला म्हणून जो माणूस राहायचा त्याला वकील म्हणत. दिल्लीला हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे. ऐकायचं, बघायचं, मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही आणि रात्री दिवा लावून धन्याला सविस्तर लिहायचं, हे त्यांचं काम. पुढे तो शब्द कोर्टात गेला आणि तिथलाच झाला. जॉन क्विन्सीला आपल्या भाषेत काय म्हणावं याचा विचार करताना 'राजदूत' मला फार झगमगीत वाटतो. तो वकील होता, जुन्या अर्थाने. नव्या अर्थानेही होता, पण ते पुढे येईल.

या माणसाची पहिली बदली दहाव्या वर्षी झाली. त्याचा जन्म ११ जुलै १७६७ चा, बोस्टनजवळच्या ब्रेनट्रीचा; या गावाच्या एका भागाचं नाव पुढे क्विन्सी पडलं. सात वर्षांचा असताना आईचा हात धरून टेकडीवरून त्याने ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातली बंकर हिलची लढाई पाहिली. घरचा डॉक्टर जोसेफ वॉरन, ज्याने या मुलाचं मोडलेलं बोट कापण्यापासून वाचवलं होतं, तो त्या दिवशी तिथे मारला गेला. फेब्रुवारी १७७८ मध्ये बापाला फ्रान्सला पाठवलं तेव्हा मुलगाही जहाजावर चढला. भर हिवाळ्यातला अटलांटिक, मागे ब्रिटिश जहाजं, वाटेत वादळ, डोलकाठीवर पडलेली वीज.

तिकडे पोचल्यावर आई अ‍ॅबिगेलचं पत्र आलं. तू दुर्वर्तनी निपजावंस त्यापेक्षा तू ओलांडलास त्या समुद्रातच तुला जलसमाधी मिळाली असती तर मला चाललं असतं, असं तिने लिहिलंय. दहा-अकरा वर्षांच्या पोराला! माझी आजी कडक म्हणून आळीत प्रसिद्ध होती, पण हे वाक्य ऐकून तिने पदर तोंडाला लावला असता.

वर्षभराने ते परत आले आणि तीन महिन्यांत बापाला पुन्हा हुकूम. मुलाला जायचं नव्हतं. आईने समजूत घातली. नोव्हेंबर १७७९ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याने डायरी सुरू केली. पहिली नोंद अशी की आज सकाळी अकराच्या सुमारास मी आईचा, बहिणीचा आणि भाऊ टॉमीचा निरोप घेतला आणि जहाज गाठायला बोस्टनला गेलो. पुढे जवळजवळ शेवटपर्यंत तो ही डायरी लिहीत राहिला. ५१ वह्या, १४ हजारांहून जास्त पानं. सुरुवात निरोपाने झालेली.

त्या वेळी नऊ वर्षांचा भाऊ चार्ल्सही बरोबर होता. जहाजाला गळती लागली, ते स्पेनच्या किनाऱ्याला लागलं, आणि बापलेक खेचरांवरून डोंगर ओलांडत पॅरिसला पोचले. चार्ल्सला घरची ओढ सोसेना, त्याला परत पाठवावं लागलं. पुढे तो दारूपायी तिशीतच गेला. जॉन क्विन्सीने मात्र सोसलं. बदलीच्या घरात दोन प्रकारची मुलं निघतात, हे मी पाहिलंय. एक जे कुठेच रुजत नाही आणि दुसरं जे कुठेही राहू शकतं. दुसऱ्याचं कौतुक होतं.

चौदाव्या वर्षी त्याला रशियाला धाडलं. फ्रान्सिस डेना नावाचे वकील सेंट पीटर्सबर्गला निघाले होते. त्या दरबाराची भाषा फ्रेंच, डेनांचं फ्रेंच कच्चं, आणि हा पोरगा फ्रेंच घडाघडा बोलायचा. म्हणून हा दुभाष्या. नववीतला मुलगा म्हणा ना. अमेरिकेला मान्यता देऊन ब्रिटनला दुखवायची कॅथरीन राणीची तयारी नव्हती, त्यामुळे डेना दारात बसून राहिले आणि दुभाष्याला दुभाषण्यासारखं काही मिळालंच नाही. त्याने सिसेरो वाचला, जर्मन शिकायला घेतलं, आणि सव्वा वर्षाने ऐन हिवाळ्यात स्वीडन, डेन्मार्क, हॅम्बुर्ग असा कित्येक महिन्यांचा प्रवास करत हेगला परतला. अठराव्या वर्षी मायदेशी आला, हार्वर्डला शिकला, वकिलीची पाटी लावली. पाटी चालली नाही. मग वॉशिंग्टनची नेमणूक, आणि ती ट्रंक.

बापाच्या कारकिर्दीत त्याला बर्लिनला नेमलं. मुलाला बढती दिल्याची कुजबुज होणार म्हणून दोघंही अवघडले होते. पण परदेशातला आपला सर्वांत मोलाचा माणूस हा, असं वॉशिंग्टनने आधीच लिहून दिलं होतं. बर्लिनच्या वेशीवर नोव्हेंबर १७९७ मध्ये एका टापटीप लेफ्टनंटने गाडी अडवली. 'अमेरिकेची संयुक्त संस्थानं? ती काय असतात?' शेवटी त्याच्याच एका शिपायाने त्याला ते समजावून सांगितलं, तेव्हा गाडी सुटली. ज्या देशाचं नाव वेशीवरच्या अंमलदाराला ठाऊक नाही, त्या देशाचा वकील म्हणून हा दरबारात उभा राहणार होता.

शेजारी गाडीत लुइझा होती. लंडनला वाढलेली, आई इंग्रज, बाप अमेरिकन व्यापारी. जुलै १७९७ मध्ये लग्न झालं आणि काही आठवड्यांत बापाचं दिवाळं निघालं. नवऱ्यासमोर मान खाली घालून संसार सुरू करावा लागला. बर्लिनला तिची एकामागून एक बाळंतपणं फसत गेली, चेहरा पांढराफटक पडला. प्रशियाच्या राणीने माया करून तिला गालाला लावायची लाली दिली. नवऱ्याने तिला मांडीवर बसवलं आणि टॉवेलने ती पुसून टाकली. पुढे एकदा तिने पुन्हा लावली, 'पूस' म्हटल्यावर नाही म्हणाली, तेव्हा हा तिला तिथेच टाकून गाडी घेऊन निघून गेला. ही आठवण तिनेच लिहून ठेवलीय. मी त्याच्यावर कितीही माया केली तरी हा टॉवेल मला विसरता येत नाही.

एप्रिल १८०१ मध्ये पहिला मुलगा जगला. त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन अ‍ॅडम्स. अध्यक्षाचा नातू आणि नाव थेट राष्ट्रपित्याचं. एवढ्याशा पोराच्या झाकणावर एवढा रंग.

१८०९ ची ऑर्डर रशियाची. अध्यक्ष मॅडिसनने जॉन क्विन्सीला झारच्या दरबारी नेमलं. मधल्या काळात तो सिनेटमध्ये होता, आणि व्यापारबंदीच्या प्रश्नावर स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिल्याने पक्षातल्याच लोकांनी त्याला बाहेर काढलं होतं. घरात ठरलं, म्हणजे पुरुषांनी ठरवलं, की आठ वर्षांचा जॉर्ज आणि सहा वर्षांचा जॉन शिक्षणासाठी नातेवाइकांकडे मागे राहतील. दोन वर्षांचा चार्ल्स फ्रान्सिस बरोबर येईल. लुइझाला कुणी विचारलं नाही, फक्त सांगितलं. ऑगस्टमध्ये जहाज सुटलं. मुलं पुन्हा दिसली ती १८१५ मध्ये.

चौथीतली मुलगी मागे, तीन वर्षांचा भाऊ बरोबर. पुस्तक मिटून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली जावयाच्या गाडीवर बर्फ साठलं होतं.

पीटर्सबर्गहून बाप जॉर्जला पत्रं लिहायचा. १८११ पासून त्याने बायबल कसं वाचावं यावर पत्रमालाच लिहिली; मी रोज पहाटे चार-पाच अध्याय वाचतो, तूही वाच. जॉर्ज तेव्हा दहा वर्षांचा. मला निळसर अंतर्देशीय यायची. 'चि. शकूस अनेक आशीर्वाद. अक्षर सुधार. गणिताची हयगय नको.' पत्राच्या दुमडीवर, गोंद लावायच्या पट्टीच्या आत, आई पेन्सिलीने एखादी ओळ घुसवायची. ती आधी वाचायची आणि मग अण्णांचं गणित.

वकील म्हणून मात्र त्याची रशियातली कामगिरी बघण्यासारखी आहे. अमेरिकेची व्यापारी जहाजं डेन्मार्कने अडकवून ठेवली होती. याने परराष्ट्रमंत्री रुम्यांत्सेव्हला गाठून झारने शब्द टाकावा अशी विनंती केली. मंत्री म्हणाला, आमच्या हातात काही नाही. तीन दिवसांनी तोच मंत्री सांगतो, सम्राटांनी डेन्मार्कला कळवायला सांगितलंय. हे कशाने घडलं? काही अंशी नेव्हा नदीकाठच्या फिरण्याने. झार आलेक्झांडर एकटा पायी फिरायचा, हाही फिरायचा, गाठ पडली की दोन शब्द व्हायचे. एकदा झारने विचारलं, उन्हाळ्यात गावाबाहेर घर घेत नाही का? हा म्हणाला, नाही. पैशाचं कारण का? हो, बरंचसं तेच. बाकीचे वकील कर्ज काढून मेजवान्या देत होते आणि हा वर्षाला ९ हजार डॉलरच्या पगारात भागवायचं म्हणून हिशोबाच्या वह्या तपासत होता. तुम्ही करता तेच बरोबर, ऐपतीप्रमाणे खर्च करावा, असं झारने म्हणावं हा मला त्या दरबारातला सगळ्यात मजेशीर प्रसंग वाटतो. अण्णांना भारी आवडला असता.

तिथेच त्यांना मुलगी झाली, ऑगस्ट १८११ मध्ये. तिचं नाव आईचंच ठेवलं, लुइझा कॅथरीन. नेपोलियन १४ सप्टेंबर १८१२ ला मॉस्कोत शिरला. इकडे पीटर्सबर्गमध्ये १५ तारखेला ही मुलगी गेली. तिला तिथेच पुरलं. बदलीच्या गावी काय काय राहून जातं!

आता गेंट. हे लिहिण्यासाठीच मी खरं तर बसले. १८१२ पासून अमेरिका आणि ब्रिटन पुन्हा लढत होते. १८१४ च्या उन्हाळ्यात तहासाठी अमेरिकेचे पाच जण आजच्या बेल्जियममधल्या गेंटला जमले. जॉन क्विन्सी, हेन्री क्ले, अल्बर्ट गॅलटिन, जेम्स बेयार्ड, जोनाथन रसेल. पाच जण एकाच घरात, सहा महिने. हा पहाटे पाचला उठून मेणबत्तीच्या उजेडात लिहायला बसायचा, त्याच वेळी क्लेच्या खोलीतून पत्त्यांचा डाव आटपून मंडळी बाहेर पडायची. सुरुवातीला हा दुपारी एकला एकटा जेवायचा. बाकीचे चारला बसतात, मग वाईट वाइन पितात, सिगार ओढतात, माझा वेळ जातो, अशी डायरीत तक्रार. क्लेने खंत बोलून दाखवली तेव्हा स्वारी चारच्या पंगतीला बसायला लागली.

पण खरी गंमत मसुद्यांची. मसुदा हा लिहिणार आणि बाकीचे तपासणार. डायरीत त्याने एकेकाची नोंद केलीय. गॅलटिनला समोरच्याला लागेल असा प्रत्येक शब्द काढायचा असतो. क्लेला अलंकारिक भाषा खपत नाही. रसेल या दोघांच्या सगळ्या हरकतींना मान डोलावतो आणि वर प्रत्येक वाक्याची रचना बदलायला सांगतो. बेयार्डला तेच म्हणायचं असतं, पण फक्त स्वतःच्या शब्दांत. ज्याने एकदा तरी सरकारी टिपणी 'पुट अप' केलीय आणि ती लाल शाईत न्हाऊन परत आलेली पाहिलीय, त्याला हे चौघं टेबलासकट ओळखीचे वाटतील.

२४ डिसेंबर १८१४ च्या संध्याकाळी सह्या झाल्या. कुणी काही मिळवलं नाही, कुणी काही गमावलं नाही. लढाईआधी जे जिथे होतं ते तिथे. बातमी समुद्र ओलांडेपर्यंत न्यू ऑर्लिन्सला माणसं मरायची ती मेलीच, ८ जानेवारीला.

त्या तहातली दोन कलमं मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्या कलमात ब्रिटिशांनी जाताना काय नेऊ नये ते सांगितलंय: 'गुलाम अथवा इतर खाजगी मालमत्ता'. दहाव्या कलमात म्हटलंय की गुलामांचा व्यापार माणुसकी आणि न्यायाच्या तत्त्वांशी विसंगत आहे, तो बंद व्हावा म्हणून दोन्ही देश झटतील. एकाच कागदावर, त्याच सह्यांवर. अमेरिकेतून पळून ब्रिटिशांच्या आसऱ्याला गेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळावी म्हणून हाच जॉन क्विन्सी पुढे कित्येक वर्षं भांडला. लवाद कोण, तर नेव्हाकाठचा झार आलेक्झांडर. त्याने अमेरिकेच्या बाजूने कौल दिला, आणि १८२६ मध्ये ब्रिटनने १२ लाख ४ हजार ९६० डॉलर कबूल केले. घरी डायरीत तो गुलामगिरीला शिव्या घालत होता. १८२० मध्ये, मिसुरीत गुलामगिरी असावी का या वादावर, त्याने लिहिलं की ही तर एका मोठ्या शोककथेची नुसती प्रस्तावना आहे. कचेरीत मात्र तो धन्याच्या बाजूने कागद करत होता, आणि चांगले करत होता.

वकिलाला स्वतःचं मत नसतं असं म्हणतात. असतं, पण ते दुसऱ्या वहीत असतं.

गेंटनंतर त्याने लुइझाला निरोप धाडला: घर मोड, सामान वीक आणि पॅरिसला ये. तिने एकटीने ते केलं. १२ फेब्रुवारी १८१५ ला, स्वतःच्या चाळिसाव्या वाढदिवशी, सात वर्षांच्या चार्ल्सला घेऊन ती बर्फातून निघाली. मागे त्या गावात मुलीची कबर. ४० दिवस, सुमारे २ हजार मैल, लढाईने उजाड झालेला मुलूख. फ्रान्समध्ये शिरते तर नेपोलियन एल्बा बेटावरच्या कैदेतून सुटून परत आलेला आणि त्याच्या सैनिकांनी रशियन धाटणीची गाडी बघून घेरलेली. तिने डोकं बाहेर काढून 'नेपोलियन चिरायू होवो' अशी फ्रेंचमध्ये आरोळी ठोकली आणि सुटली. सहा वर्षं तिच्या नवऱ्याने शब्द तोलून मापून वापरले. वेळ आली तेव्हा तिने दोन-तीन शब्दांत काम केलं. २३ मार्चला ती पॅरिसला पोचली.

पुढे दोन वर्षं लंडन, मग १८१७ ते १८२५ परराष्ट्रमंत्री. स्पेनचा वकील ओनिस याच्याशी महिनोन्‌महिने नकाशावर बोट ठेवून भांडून त्याने फ्लोरिडा मिळवला आणि सरहद्द थेट पॅसिफिकपर्यंत नेली. २२ फेब्रुवारी १८१९, बहुधा माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस, असं त्याने लिहिलं. लगेच क्लेने दाखवून दिलं की फ्लोरिडातल्या जमिनींच्या काही मोठ्या सनदांच्या तारखा नीट तपासायच्या राहिल्यात. ते निस्तरायला दोन वर्षं गेली. युरोपने अमेरिका खंडात हात घालू नये म्हणणारा मन्रो सिद्धांत पाठ्यपुस्तकात असतोच; त्यामागे ब्रिटिश युद्धनौकेच्या शेपटाला बांधलेली होडी होऊन आम्ही जाणार नाही, हा याचाच हट्ट होता.

अध्यक्षपदावर मी फार रेंगाळत नाही. तो स्वतःही तिथे रमला नाही. १८२४ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी अँड्र्यू जॅक्सनला ९९ निर्वाचक-मतं, याला ८४. कुणालाच बहुमत नाही. निवड प्रतिनिधिगृहात गेली, क्लेने वजन टाकलं, हा निवडून आला आणि क्ले परराष्ट्रमंत्री झाला. सौदा झाल्याची बोंब चार वर्षं थांबली नाही. वेधशाळांना तो 'आकाशातले दीपस्तंभ' म्हणाला, लोक हसले. पनामाला अमेरिका खंडातल्या देशांची परिषद भरली, तर याच्या दोन प्रतिनिधींपैकी एक वाटेत वारला आणि दुसरा पोचेपर्यंत परिषद उठली होती. १८२८ मध्ये जॅक्सनने १७८ विरुद्ध ८३ असं हरवलं.

आणि जॉर्ज. हार्वर्डला गेला, बापाच्या हट्टाने वकील झाला, कविता करायचा, प्यायचा, कर्जात बुडाला. एप्रिल १८२९ मध्ये आईवडिलांचं सामान वॉशिंग्टनहून घरी हलवायला मदत कर असा निरोप आला. ३० एप्रिलच्या पहाटे न्यूयॉर्कच्या वाटेवर बोटीच्या डेकवर त्याची टोपी आणि कोट सापडला. तो नव्हता. २८ वर्षांचा होता. त्या शेवटच्या बदलीचं सामान त्याच्याशिवाय बांधलं गेलं.

यानंतर बाप घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण दुसऱ्याच वर्षी तो आपल्या भागातून प्रतिनिधिगृहावर निवडून आला आणि १८३१ पासून मरेपर्यंत, १७ वर्षं, तिथेच राहिला. अध्यक्ष राहिलेला माणूस साधा खासदार. आता धनी कुणी नव्हता. घरातली वही आणि कचेरीतला कागद हळूहळू एक व्हायला लागले.

गुलामगिरीविरोधी अर्ज सभागृहात वाचायचेच नाहीत असा नियम दक्षिणेच्या सभासदांनी केला होता. हा रोज अर्ज घेऊन उभा. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्याने सभापती पोकला अगदी अदबीने विचारलं: माझ्याकडे २२ गुलामांचा म्हणून एक अर्ज आलाय, तो या नियमात बसतो का? भडका उडाला. कुणी म्हणे याच्यावर ठपका ठेवा, कुणी म्हणे हाकला. पुरेशी धूळ उडू दिल्यावर यानं सांगितलं, अर्ज बघितलात का? गुलामगिरी रद्द करू नका असं त्यात म्हटलंय. एवढी वर्षं दरबारात गप्प बसून जी कला साधली, ती इथे कामाला आली. नियम १८४४ मध्ये रद्द झाला.

आता नव्या अर्थाचा वकील. १८३९ मध्ये 'अमिस्ताद' नावाच्या स्पॅनिश जहाजावर आफ्रिकेतून पळवून आणलेल्या माणसांनी बंड केलं. जहाज भरकटत अमेरिकेच्या किनाऱ्याला आलं, माणसं कनेटिकटच्या तुरुंगात पडली. त्यांची भाषा कुणाला येईना. गिब्ज नावाचा एक प्राध्यापक त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकला आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठमोठ्याने म्हणत फिरला, जेम्स कोव्ही नावाच्या खलाशाने ओळखून वळून बघेपर्यंत. दुभाष्या मिळाला. एकेकाळी चौदा वर्षांचा दुभाष्या असलेल्या माणसाच्या हातात ही केस यावी, हे मला उगाच झालंसं वाटत नाही.

स्पेनची मागणी होती: चाच्यांकडून सोडवलेली जहाजं आणि माल मालकाला परत करायचा हे तहात आहे, तेव्हा आमचा माल द्या. हे कलम मूळ १७९५ चं आणि पुढे चालू ठेवलं ते १८१९ च्या तहाने. म्हणजे याच्याच सहीने. २४ फेब्रुवारी १८४१ ला, ७३ व्या वर्षी, हा सुप्रीम कोर्टात उभा राहिला. त्या कोर्टात तो शेवटचा उभा राहिला होता १८०९ मध्ये. चार तासांहून जास्त बोलला. माल कोणता आणि चोर कोण, एवढंच त्याने त्या कलमाला विचारलं. गेंटला 'गुलाम अथवा इतर मालमत्ता' लिहिलेल्या हाताने. ९ मार्चला कोर्टाने ती माणसं मोकळी आहेत असा निकाल दिला. ३५ जण आफ्रिकेला परतले. त्यांनी त्याला एक बायबल भेट दिलं.

गेंटच्या पहिल्या कलमाची भरपाई याने होते का? मला नाही वाटत. त्या १२ लाखांमागच्या माणसांना कुणीच विचारलं नाही. पण स्वतःच्याच सहीचा अर्थ पुन्हा लावायला म्हातारपणी उभा राहिलेला दुसरा वकील मला तरी माहीत नाही.

२१ फेब्रुवारी १८४८ ला मेक्सिकोच्या लढाईतल्या सेनापतींचा गौरव करायचा ठराव आला. त्याने 'नाही' म्हटलं आणि थोड्या वेळाने बाकावरच कोसळला. सभापतींच्या खोलीत दोन दिवस पडून होता. लुइझा आली, त्याने ओळखलं नाही. २३ ला गेला.

अण्णा गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. त्यांचीही डायरी होती, म्हणजे दौऱ्याच्या दैनंदिन्या, खात्याला द्यायच्या नोंदींची घरची प्रत. बोस्टनहून परतल्यावर मी त्या जून महिन्याचं पान काढलं. मला वाईला सोडलं त्या दिवसाचं. 'सकाळी ६.१५ च्या गाडीने सहकुटुंब परभणीकडे प्रस्थान. सामान नग ७. ट्रंका २, वळकट्या २, पिंप १, पोती २. भाडे वेगळे दाखवावे.' माझा उल्लेख नाही. पान उलटलं तर मागे, खात्याला न द्यायच्या बाजूला, शिसपेन्सिलीने: 'शकू फाटकापर्यंत आली. चप्पल घातली नव्हती.'